आपोआप हलणारा सोन्याचा पाळणा

एका राज्यात एक सोन्याचा पाळणा होता. त्याला दोरी नव्हती, दोरी ओढणारे कोणी नव्हते, तरी तो आपोआप हले. त्यात निजलेले मूल कधी रडत नसे. मूल मोठे असो की लहान, पाळणा त्याच्या मापाचा होई, आणि कितीही मुले घातली तरी ती त्यात मावत.

हा पाळणा आला कोठून, तेही सांगतो. राजा भद्रसेनाचा आजा शिकारीला गेला असता काळ्या डोंगराच्या पोटात त्याला धन सापडले. हिऱ्यामोत्यांच्या राशीवर पाळणा ठेवला होता आणि राशीपाशी नीलकेतू नावाचा मांत्रिक बसला होता. मांत्रिक म्हणाला, "राजा, बाकीचे धन इथेच राहू दे, पाळणा तू ने. यातले मूल आजारी पडत नाही, हट्ट करत नाही, आईवाचून वाढते. मात्र पाळणा रिकामा ठेवू नकोस. रिकामा राहिला, तर राज्यातल्या विहिरी आटतील." राजाला मोह पडला. त्याने पाळणा राजवाड्यात आणला.

नीलकेतूने एक गोष्ट सांगितली नाही. पाळण्यातल्या मुलाचे रडणे नाहीसे होत नसे. ते पाळण्यात जिरे, आणि त्यावर मांत्रिकाचे आयुष्य वाढे.

पहिल्याने पोरकी मुले पाळण्यात घातली. पुढे पोरकी मुले उरली नाहीत. मग कोणाची घालावी असा प्रश्न दरबारात निघाला. आपले मूल द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा एक सरदार म्हणाला, "ज्यांची बुद्धी कमी, त्यांची मुले घ्यावी. त्यांना ती सांभाळता कोठे येतात?" सगळ्यांना ते पटले. दवंडी पिटली गेली, की मंदमती आईबापांचे मूल चालू लागले म्हणजे राजवाड्यात आणावे. पुढच्या राजाच्या वेळी त्यात मुक्यांची मुले आली, मग आंधळ्यांची आली. दर वेळी लोक म्हणाले, मुलांच्या भल्यासाठीच आहे.

मुले खरोखर नीटनेटकी वाढत. पाळण्यातून उतरली की राजवाड्यात राहत, चवऱ्या ढाळत, समया लावत. अंगाने धडधाकट, कपडे स्वच्छ, बोलणे हळू. फक्त ती कोणाला ओळखत नसत. सकाळी जिने जेवू घातले, तिलाच संध्याकाळी परकी समजून नमस्कार करत. बाहेरगावचे पाहुणे म्हणत, किती वळणाची मुले आहेत.

त्या राज्यात हत्तीखान्यामागच्या वस्तीत लहानू आणि मथू हे नवराबायको राहत. लहानू हत्तींसाठी गवत कापी, मथू पेंढ्या बांधी. दोघांची बुद्धी सावकाश चाले. मथूला दोन गोष्टी एकदम सांगितल्या, तर दुसरी ध्यानात राही आणि पहिली जाई. लहानूला बोलायचे झाले, की शब्द यायला वेळ लागे, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असे. त्यांचे लग्न लागले तेव्हा वस्ती हसली. मथूला दिवस गेले तेव्हा वस्ती हसली नाही, कपाळाला हात लावून बसली. शेजारी आवडाक्का नावाची बुरडीण राही. सुपे-टोपल्या विणी आणि मनात येईल ते तोंडावर बोले. ती म्हणाली, "दोघांचं दोघांना होत नाही, तिसरं कशाला ग?"

मथू म्हणाली, "मला हवंय, आक्का."

मुलगी झाली. तिचे नाव शेवंती ठेवले. एके दिवशी मूल रडते आहे आणि थांबत नाही असे ऐकून आवडाक्का चिडून त्यांच्या घरी गेली. मथू भिंतीला टेकून बसली होती, मूल छातीशी होते, आणि लहानू बायकोच्या पायांना तेल चोळत होता. मथू म्हणाली, "आक्का, हिला पाजताना कसं धरायचं ते दाखव. एकदा दाखवून माझ्या ध्यानात राहत नाही. रोज दाखव."

आवडाक्काने दाखवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवले. न्हाऊ कसे घालावे, मऊ भात कसा कालवावा, अंग तापले तर कोणाकडे धावावे, सारे पुन्हा पुन्हा दाखवले. पुढे एकदा तिच्या ध्यानात आले, की आता दाखवायला काही उरले नाही, आपण नुसत्याच येऊन बसतो. तरी ती येत राहिली.

शेवंती चालू लागली त्या सुमारास तिने चुलीतला निखारा धरला आणि तिचे बोट भाजले. त्याच सुमारास प्रधानाचा नातू गच्चीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. प्रधानाच्या नातवाविषयी लोक म्हणाले, मूल फार खोडकर आहे. शेवंतीविषयी लोक म्हणाले, आईला समज नाही. बोट बरे झाले, पण बोलणे राजवाड्यापर्यंत गेले, आणि शिपाई दारात आले.

शिपायांचा नाईक आवडाक्काकडे पाहून म्हणाला, "हिला सांग, मूल द्यायचे आहे."

"तिला कान आहेत," आवडाक्का म्हणाली.

"कान असतील. समजेल का?"

मथूला समजले होते. तिने शेवंतीला पदरात घेतले आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली. लहानू दारात आडवा उभा राहिला. त्याला पुष्कळ बोलायचे होते. ओठ हलले, शब्द आले नाहीत. शिपायांनी त्याला बाजूला केले, मथूचे हात सोडवले आणि मूल नेले. शेवंतीचे रडणे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होते, मग राजवाड्याच्या दारापर्यंत, मग नाही.

मथू उठली. म्हणाली, "मी राजाकडे जाते." लहानू तिच्यामागे निघाला. आवडाक्काने विणायची टोपली खाली ठेवली, दाराला कडी घातली आणि ती दोघांच्या मागे निघाली.

दरबार भरला होता. सिंहासनावर राजा भद्रसेन, शेजारी राणी चंद्रावली, राणीशेजारी राजकन्या हेमकला. राजकन्येचे लग्न ठरले होते. सरदार तिला मुजरा करून कुशल विचारत, आणि उत्तर राणी देई. लोक म्हणत, राजकन्या मोठी लाजाळू आहे.

राजाने आवडाक्काला विचारले, "हिला काय हवे?"

मथू म्हणाली, "मला विचारा, महाराज."

राजाला असे कोणी बोललेले नव्हते. तो म्हणाला, "बरे. तूच बोल."

"माझी मुलगी द्या."

"ती सुखात आहे. पाळण्यात ती भाजत नाही, पडत नाही, रडत नाही."

"मग तिला भूक लागली तर तुम्हाला कसं कळतं?"

 राजा मनाने वाईट नव्हता. आजाच्या वेळेपासून चालत आले ते चालू ठेवत होता. तो म्हणाला, "पाळणा मांत्रिकाचा, मंत्रही त्याचा. नीलकेतू सोडील, तर मी अडवणार नाही."

प्रधानाला बरे वाटले. काळ्या डोंगरावर गेलेले माणूस मूल घेऊन घरी परतत नसे, त्यामुळे गाऱ्हाणे मिटले असे तो समजला.

तिघे नगराबाहेर आली. तेथे वाटा फुटत होत्या. उंबराच्या फांदीवर एक भारद्वाज पक्षी बसला होता, तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा. तो म्हणाला, "डोंगराची वाट उजवीकडे आहे."

मथूने विचारले, "तुला कसं ठाऊक?"

पक्षी म्हणाला, "मी पूर्वी बाई होते. मुकी होते, म्हणून माझा मुलगा नेला. मीही नीलकेतूकडे गेले. मंत्र बांधणाऱ्याला तो सोडवायची वाट ठेवावीच लागते, म्हणून तो तीन अटी घालतो. दोन मी पुऱ्या केल्या. तिसरीला पाळणा उचलेना, आणि कोणाला हाक मारायला मला आवाज नव्हता. हरले, तेव्हा त्याने माझा पक्षी केला, आणि थट्टेने वाचा दिली. माझा मुलगा आता राजवाड्यात समया लावतो. मी खिडकीतून त्याला हाका मारते. तो खिडकी लावून घेतो."

 मथू म्हणाली, "आमच्याबरोबर चल." पक्षी पुढे उडत चालला.

नीलकेतू गुहेच्या तोंडाशी बसला होता. वय शंभराच्या पलीकडचे, तोंडावर एक सुरकुती नव्हती. त्याने तिघांना पाहिले आणि तो आवडाक्काला म्हणाला, "ह्या दोघांना घेऊन आलीस. बोल."

"मी त्यांच्याबरोबर आले आहे," आवडाक्का म्हणाली. "बोलणार ती."

मथूने मागणे सांगितले. मांत्रिक म्हणाला, "मूल वाढवायला स्मरण हवे, धीर हवा, बळ हवे. तिन्हींची परीक्षा देशील?"

"देईन."

"मग ऐक. नागतळ्यातले निळे कमळ आण. वाट एकदाच सांगेन. भोकरीच्या झाडापाशी डावीकडे. पांढऱ्या खडकापाशी खाली. ओढ्यापाशी उगवतीकडे. चुकाल, तर रानातून बाहेर पडणार नाही."

मथू म्हणाली, "एवढं माझ्या ध्यानात राहत नाही. पुन्हा सांगा."

"एकदाच."

मथू दोघांकडे वळली. मग म्हणाली, "मी ओढा धरते. तो शेवटी सांगितला, तेवढा माझ्याजवळ आहे. लहानू, तू भोकर धर. आक्का, मधलं तू."

तिघे निघाली. लहानू वाटभर "भोकर, डावीकडे" एवढेच म्हणत चालला, भोकर आली तेव्हा डावीकडे वळला, आणि मग गप्प झाला. पांढऱ्या खडकापाशी आवडाक्का खाली वळली. ओढ्यापाशी मथूने सूर्य कोठून वर आला ते आठवले आणि ती तिकडे चालू लागली. समोर तळे होते.

तळ्यात वेटोळे घालून एक नाग निजला होता आणि कमळ त्याच्या फण्याला टेकले होते. कोणी घाईने हात घातला, की पाणी हले, पाणी हलले की नाग जागा होई. काठावर हाडे पडली होती. लहानूने कमरेचा विळा काढून ठेवला आणि तो पाण्यात उतरला. कोणतेच काम त्याला घाईने जमत नसे. पाऊल टाकी, थांबे, पाणी शांत होऊ देई, मग दुसरे टाकी. हत्तीखान्याचा मुकादम याच चालण्याबद्दल त्याला रोज बोल लावी. सूर्य माथ्यावर आला तेव्हा लहानू कमळापर्यंत पोचला, आणि सावल्या लांबल्या तेव्हा काठावर आला. नाग निजलेलाच होता.

नीलकेतूने कमळ घेऊन बाजूला ठेवले. मग म्हणाला, "दुसरी अट. हसऱ्या रानापलीकडे देवीचे देऊळ आहे. तेथल्या नंदादीपावर पणती लावून आण. पणती विझू नये. रानातली झाडे बोलतात. जो मागे वळेल, तो दगड होईल."

हसऱ्या रानात सावली थंड होती आणि वाट सरळ होती. मथू पुढे, मागे लहानू, शेवटी आवडाक्का. भारद्वाज वरून उडत होता. थोडे चालल्यावर झाडे हसू लागली. नंतर बोलू लागली, आणि आवाज ओळखीचे होते. हळद लागली तेव्हाचे आवाज, पाणवठ्यावरचे आवाज, सुईणीचा आवाज. "हिला केस विंचरता येत नाहीत, ही मूल काय वाढवणार." "मुलगीही तसलीच निघेल." "बिचारी. पण देवाने ओटी तरी कशाला भरावी." मथूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती चालत होती. हे बोलणे तिने घरी, दारी, बाजारात ऐकलेले होते. त्याने पाय थांबत नाहीत, एवढे तिला ठाऊक होते.

मग एक झाड आवडाक्काच्या आवाजात म्हणाले, "दोघांचं दोघांना होत नाही, तिसरं कशाला ग?"

आवडाक्काने तोंडाला पदर लावला आणि ती तशीच चालत राहिली.

लहानूला स्वतःवरचे हसणे सोसत असे. तेही त्याने जन्मभर ऐकले होते. पण शेवटच्या वळणावर एक झाड मथूचे नाव घेऊन म्हणाले, "हिच्यापेक्षा कुत्री बरी. ती पिलाला भाजू तरी देत नाही." लहानू थांबला. त्या झाडाला काही सांगायला तो मागे वळला. ओठ हलले. शब्द यायला नेहमीसारखा वेळ लागला, आणि ते येण्याआधी तो दगड झाला होता.

मथूला मागची पावले थांबलेली कळली. "लहानू," ती म्हणाली. उत्तर आले नाही. वळून पाहावे असे तिला फार वाटले. आवडाक्का मागून म्हणाली, "चल, मथू. पुढे पाहून चल." दोघी चालत देवळापर्यंत गेल्या. मथूने पणती लावली, देवीपुढे काही मागितले नाही, कारण काय आधी मागावे ते तिला ठरवता येईना.

परतताना लहानू वाटेवर समोरच उभा होता. गुडघा वाकलेला, तोंड उघडे. मथूने त्याच्या दगडी हातावर हात ठेवला. म्हणाली, "इथंच थांब. शेवंतीला घेऊन येते." मग पणतीवर ओंजळ धरून ती पुढे निघाली.

रान संपले तेव्हा आवडाक्का म्हणाली, "ते मी बोलले होते."

"ठाऊक आहे," मथू म्हणाली. "मग तू आलीस."

पणती जळत होती. नीलकेतू उठला. म्हणाला, "तिसरी अट राजवाड्यात. पाळणा तू एकटीने उचलायचा. उचललास, तर मूल तुझे. नाही, तर तुझाही पक्षी."

राजाने आज्ञा केली, तरी पाळणा दरबारात आणता आला नाही, कारण त्यात पहिले मूल घातल्यापासून तो कोणाला हलवता येत नसे. दरबारच पाळण्याच्या दालनात भरला. नीलकेतू आला, सरदार आले, नगरातले लोक आले, वस्तीतलेही आले. पाळणा आपोआप हलत होता. त्यात मुले होती, आणि मुलांत शेवंती होती. तिचे डोळे उघडे होते. मथू समोर आली, तरी तिने तिच्याकडे पाहिले नाही.

मथूने पाळण्याची कड धरली आणि सगळे बळ लावून उचलले. पाळणा हलत राहिला, उचलला गेला नाही. तिने पाय रोवून पुन्हा जोर केला. कड तिच्या हातात रुतली. तिसऱ्या वेळी ती गुडघ्यावर आली. तेव्हा तिच्या दंडांवर तांबडी पिसे फुटू लागली.

आवडाक्का पुढे झाली. नीलकेतू म्हणाला, "एकटीने." शिपायांनी आवडाक्काला अडवले.

मथूने दंडांवरच्या पिसांकडे पाहिले. मग लोकांकडे पाहून म्हणाली, "मला एकटीला होत नाही. कोणीतरी हात लावा."

कोणी हलले नाही. प्रधान म्हणाला, "महाराज, ऐकलेत? आम्ही हेच म्हणत होतो."

पिसे मथूच्या खांद्यापर्यंत आली. तेव्हा राजकन्या हेमकला उठली.

राणी म्हणाली, "हेमकले, बस."

राजकन्या म्हणाली, "ती बोलावते आहे." हे ती हळू बोलली, एकेक शब्द जोडत बोलली, आणि दरबाराने तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. पायऱ्या उतरून ती पाळण्यापाशी गेली. मथूने आपला हात थोडा सरकवून तिला धरायला जागा करून दिली.

आता राणीची गोष्ट सांगतो. राजकन्येची बुद्धी सावकाश चाले. हे राजाला ठाऊक होते, राणीला ठाऊक होते, दायांना ठाऊक होते, आणि कोणी बोलत नसे. लग्न ठरले त्या दिवसापासून राणीला अन्न गोड लागत नव्हते. हेमकलेला मूल झाले, ते चालू लागले, की दवंडीप्रमाणे त्याला कोठे घालायचे, हे राणीला कळत होते. ती कितीदा राजाला सांगायला निघाली आणि कितीदा परत फिरली होती.

राणी आसनावरून उठली.  पाळण्यापाशी येऊन तिने लेकीशेजारी कड धरली. म्हणाली, "महाराज, ही आपली मुलगी मी एकटीने वाढवली नाही. न्हाऊ घालायला दाई होती, पाजायला दाई होती, उचलून फिरवायला दासी होत्या. एकटीने जमते का, असे मला कोणी विचारले नाही. मथूला एकच शेजारीण होती, आणि तिला आपण अडवून धरले आहे."

शिपायांनी आपणच हात खाली घेतले. आवडाक्का आली. भारद्वाज खिडकीतून आला आणि त्याने चोचीत पाळण्याची झालर धरली. शेवटी राजा आला. त्याने लोकांकडे पाहिले नाही. मुलीशेजारी उभे राहून त्याने कड धरली.

नीलकेतू म्हणाला, "अट एकटीने उचलायची होती."

राजा म्हणाला, "ती अट ह्या राज्यात कोणीच पुरी केलेली नाही."

आणि पाळणा उचलला गेला. त्याला वजन म्हणून नव्हतेच. मंत्र एवढाच होता, की लोक बाजूला उभे राहतात तोवर तो जड राहील. कितीतरी वर्षे ते बाजूला उभे होते.

पाळणा उचलताच त्यात जिरलेले रडणे बाहेर आले. भुकेचे, दातांचे, पडल्याचे, आईला शोधण्याचे, कैक वर्षांचे रडणे. दालन त्याने भरले, मग राजवाडा, मग नगर. लोकांनी कानांवर हात ठेवले आणि पुन्हा काढले. प्रधान खाली बसला. नीलकेतूच्या तोंडावर सुरकुत्या उमटल्या, केस गळले, पाठ वाकली, आणि त्याच्या वस्त्रांत राखेची मूठ उरली. झाडणाऱ्यांनी ती सकाळच्या केराबरोबर बाहेर टाकली. राजाने विहिरी पाहायला माणसे पाठवली. पाणी होते तेवढेच होते.

मथूच्या दंडांवरची पिसे गळून पडली. भारद्वाजाची बाई झाली. तिची वाचा गेली, आणि ती हातांनी बोलू लागली. दालनात समई घेऊन एक तरुण उभा होता. तिने जाऊन त्याच्या तोंडावर हात फिरवला. त्याने परकी समजून नमस्कार केला. तिने तो घेतला आणि ती त्याच्याजवळ उभी राहिली.

लहानूचाही दगडाचा पुन्हा माणूस झाला, आणि दिवस मावळायच्या आत तो राजवाड्याच्या दारात आला. रानात त्याचे बोलणे अर्धे राहिले होते. एवढे लोक जमलेले पाहून तो आत आला आणि वेळ घेऊन म्हणाला, "तिला असं बोलू नका." तो बोलून होईपर्यंत सगळे थांबले.

राजाने जुनी दवंडी मोडली आणि नवी पिटवली. कोणाचेही मूल बुद्धी कमी म्हणून, वाचा नाही म्हणून, डोळे नाहीत म्हणून नेऊ नये. मुलाविषयी बोलायचे, ते आईबापांशी बोलावे. आणि कोणत्याही घरातल्या आईने किंवा बापाने, "आम्हाला दाखवा" म्हटले, तर दाखवणारे माणूस त्या घरी जावे, आणि पुन्हा दाखवायला कंटाळू नये. पहिले मागणे राजकन्येच्या सासरहून आले. प्रधान म्हणाला, याने पोरांचे नुकसान होईल. पुढे कोणाचे मूल पडले, कोणाचे आजारी झाले. लोकांनी औषधपाणी केले. सोन्याचा पाळणा वितळवून त्याच्या घंटा केल्या आणि त्या हत्तींच्या गळ्यांत बांधल्या.

पाळण्यातली सगळी मुले लगेच घरी रुळली नाहीत. काहींचे आईबाप हयात नव्हते, ती राजवाड्यातच राहिली. शेवंती घरी आली. पण ती कोणाला ओळखत नव्हती. सकाळी उठली, की मथूला हात जोडून नमस्कार करी. मथू म्हणे, "मी मथू. मी तुझी आई." संध्याकाळी शेवंती पुन्हा नमस्कार करी, मथू पुन्हा सांगे. आवडाक्का म्हणाली, "दमत नाहीस का ग सांगून?" मथू म्हणाली, "मलाही पुष्कळदा सांगावं लागतं."

असे किती दिवस गेले, ते कोणी मोजले नाही. एकदा भर दुपारी हत्तीखान्यापाशी बाया पेंढ्या बांधत होत्या. शेवंती गवतात खेळत होती. ती पळाली, अडखळली, आणि दगडावर पडून तिचा गुडघा फुटला. ती उठून बसली. रक्त पाहिले. सभोवार इतक्या बाया होत्या, तिने एकेकीच्या तोंडाकडे पाहिले. मग तिचा ओठ मुडपला, आणि मोठ्याने रडत ती धावत आली, ती मथूकडे आली. मथूने हातातली पेंढी टाकली, तिला मांडीवर घेतले आणि गुडघ्यावर फुंकर घातली.

मूल खूप वेळ रडले. वस्तीने ऐकले, आणि आईला कोणी बोल लावला नाही.

पाळण्याची कथा इथे पुरी झाली. ऐकणाऱ्यांच्या घरी मुले रडोत, आणि रडतील तेव्हा त्यांच्या ओळखीचे माणूस जवळ असो.